आधी दारं, मग खोल्या

घर बांधायला निघालेली माणसं माझ्यासारख्या आर्किटेक्टकडे येतात, टेबलावर प्लॅन उलगडतात आणि बोट ठेवतात ते खोलीवर. ‘ही बेडरूम बारा बाय दहा. हा हॉल वीस बाय चौदा. आणखी दोन फूट वाढवता येईल का?’ मी ऐकून घेतो, मान डोलावतो आणि तोवर मनातल्या मनात दारं मोजत असतो. ही खोड मला कशी लागली ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा तासभर मी दारांवरच का बोलत राहिलो याबद्दल तुमची तक्रार राहणार नाही.

शिक्षण संपल्यावर पाचेक वर्षांनी मी स्वतःचं घर बांधलं. हॉल वीस बाय चौदाचा, म्हणजे २८० चौरस फूट. कागदावर फार देखणा दिसायचा. त्याला दारं पाच: बाहेरचं, स्वयंपाकघराचं, बेडरूमचं, बाथरूमकडे नेणारं आणि मागच्या अंगणात उघडणारं. भिंती चार आणि दारं पाच! राहायला गेलो तर सोफ्याला सलग सात फूट भिंत सापडेना. वर्षभरात त्या सोफ्याने चारही दिशा पाहिल्या. शेवटी तो मधोमध आला आणि बसणाऱ्यांच्या गुडघ्यांसमोरून घरातली सगळी रहदारी सुरू झाली. वडील एके दिवशी म्हणाले, ‘अरे, हा हॉल नव्हे, चौक आहे. सिग्नल तेवढा बसव.’

हॉल लहान होता असं कुणी म्हणणार नाही. तो खर्च झाला होता चालण्यात. एका दारातून दुसऱ्या दाराकडे जाणारी वाट किमान तीन फूट रुंद लागते, आणि त्या वाटेवर काहीही ठेवता येत नाही. प्लॅनवर ती दिसत नाही, कारण तिला भिंती नसतात. पण फरशी तिच्याखालीही घातलेली असते, छप्पर तिच्यावरही असतं आणि पैसे तिचेही मोजलेले असतात.

आता एक साधी बेडरूम घेऊ. बारा बाय दहा, १२० चौरस फूट. बारा फुटी भिंतीच्या मधोमध दार आणि समोरच्या भिंतीच्या मधोमध बाथरूमचं दार. कागदावर छान सममिती दिसते, काढणाऱ्यालाही समाधान वाटतं. या दोन दारांमधली वाट दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, म्हणजे तीस चौरस फूट. खोलीचा चौथा हिस्सा झाला. उरलं काय? वाटेच्या दोन्ही अंगांना साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या. डबल बेड पाच फूट रुंद, साडेसहा फूट लांब. तो दोन्हींपैकी एकाही पट्टीत बसत नाही. मग तो वाटेत सरकतो, आणि रात्री बाथरूमला उठणारा माणूस पुढची वीस वर्षं त्याच्या कोपऱ्यावर करंगळी आपटत राहतो.

तीच खोली, तेच क्षेत्रफळ. फक्त खोलीचं दार एका कोपऱ्याशी सरकवा आणि बाथरूमचं दार त्याच कोपऱ्याला लागून असलेल्या शेजारच्या भिंतीवर घ्या. सगळी वाट त्या एका कोपऱ्यात आटोपते. उरलेले तीन कोपरे मोकळे. बेडच्या दोन्ही बाजूंनी उतरता येतं, कपाट बसतं, खिडकीखाली टेबल येतं. खोली एका इंचानेही वाढवलेली नाही, पण पाहुणा आत येऊन ‘ऐसपैस आहे हो’ म्हणतो.

कोपऱ्यात म्हणजे किती कोपऱ्यात, हे मात्र नीट ठरवायला हवं. चौकट आणि कोपरा यांच्यात एकतर चार-सहा इंच भिंत ठेवा, नाहीतर सरळ सव्वादोन फूट ठेवा. कपड्यांचं कपाट साधारण दोन फूट खोल असतं, कारण हँगरला तेवढी खोली लागतेच. सव्वादोन फूट असले की दारामागच्या भिंतीला पूर्ण उंचीचं कपाट लागतं आणि दार त्याला न थटता उघडतं. एक फूट सोडला तर तिथे कपाट मावत नाही आणि जागाही वाया जाते. मला दाखवायला येणाऱ्या प्लॅनमध्ये हा निरुपयोगी एक फूट इतक्या वेळा दिसतो की मी आता त्याला लाल पेन्सिलने गोल करायचंही सोडून दिलं आहे. तोंडीच सांगतो.

दार उघडताना जागा खातं, तीही मोजा. तीन फुटी दार पाव वर्तुळ फिरतं आणि सुमारे सात चौरस फूट फरशी अडवतं. लहान बाथरूम पाच बाय आठची असते, म्हणजे चाळीस चौरस फूट. तिचं दार मोजताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. दार जर कमोडवर बसलेल्याच्या गुडघ्यापर्यंत येत असेल तर आत शिरल्यावर बाजूला सरकून ते लावायची कसरत रोज करावी लागते. तिथे सरकतं दार किंवा बाहेर उघडणारं दार बघा. बाहेर उघडणाऱ्या दाराचं आणखी एक कारण आहे. आत कुणी घसरून दाराशीच पडलं तर आत उघडणारं दार ढकलताच येत नाही. घरात वयस्कर माणूस असेल, किंवा तुम्ही स्वतः एक दिवस वयस्कर होणार असाल, तर याचा विचार आजच करा.

पॅसेजकडे येतो. ‘पॅसेज म्हणजे वाया गेलेली जागा’ हे वाक्य माझ्याकडे येणारा दर दुसरा माणूस म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. समजा बारा-बारा फुटांच्या दोन बेडरूम ओळीत आहेत आणि पॅसेज एका टोकाने सुरू होतो. दारं खोल्यांच्या मधोमध असतील तर पॅसेज दुसऱ्या खोलीच्या मध्यापर्यंत न्यावा लागतो. बारा अधिक सहा अधिक दाराची अर्धी रुंदी, साडेएकोणीस फूट. आता पॅसेजचं तोंडच दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीसमोर आणा आणि दोन्ही दारं त्या भिंतीला खेटून शेजारी-शेजारी घ्या. सात फूट पुरतात. साडेतीन फूट रुंदी धरली तर कुठे ६८ चौरस फूट आणि कुठे २५. वाचलेल्या ४३ चौरस फुटांत मघाची बाथरूम आली की नाही? खोल्यांना आपण हातही लावलेला नाही, दोन चौकटी फक्त इकडच्या तिकडे केल्या.

पण पॅसेज पुसूनच टाकायचा, असं मी म्हणणार नाही. युरोपातल्या जुन्या मोठ्या घरांमध्ये एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असंच जावं लागायचं. कुणाला तरी ओलांडल्याशिवाय शेवटच्या खोलीत पोचता येत नसे. १७व्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये रॉजर प्रॅट यांनी कोल्सहिल हाउस बांधलं, त्यात मजल्याच्या लांबीभर मधोमध पॅसेज होता. नोकरांची ये-जा मालकांच्या खोल्यांतून होऊ नये हा हेतू. हेतू आपल्या कामाचा नाही, पण त्यातून मिळालेली गोष्ट कामाची आहे. पॅसेज एकांत देतो, आवाज अडवतो. हॉलमध्ये टीव्ही चालू असताना दहावीचं पोर आत अभ्यास करू शकतं ते हॉल आणि त्याची खोली यांच्यात दोन दारं आणि चार पावलं असल्यामुळे. म्हणून मी पॅसेज ठेवतो, पण त्याला पोसत नाही. त्याच्या एका अंगाला पुस्तकांचं नऊ इंची कपाट लागलं, टोकाला खिडकी आली, की त्याची खंतही वाटत नाही. टोकाला आंधळी भिंत असलेला पॅसेज मात्र भर दुपारी दिवा मागतो.

हल्ली भिंती काढून टाकायची टूम आहे. हॉल, जेवणाची जागा, स्वयंपाकघर सगळं एकच. मला ते आवडतं, पण एक गैरसमज दूर करतो. भिंत गेली म्हणून वाट जात नाही. बाहेरच्या दारातून जिन्याकडे, जिन्यापासून फ्रिजकडे माणसं जाणारच. उघड्या प्लॅनमध्ये ती वाट आखायचं काम सोफ्याच्या पाठीला आणि जेवणाच्या टेबलाला करावं लागतं. टेबलाच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत अडीच फूट असतील तर खुर्ची मागे ओढून माणूस बसू शकतो. बसलेल्याच्या पाठीमागून दुसऱ्याला जायचं असेल तर साडेतीन हवेत. हे फूटभर अंतर न मोजल्यामुळे लाखांची टेबलं भिंतीला टेकून उभी राहतात.

आता तुम्हाला घरी करून बघायला एक काम देतो. ते मी शोधलेलं नाही. अलेक्झांडर क्लाइन हा ओडेसाचा वास्तुविशारद, बर्लिनमध्ये काम करायचा. त्याने १९२८ साली दोन प्लॅन शेजारी मांडले, एक जुन्या १९व्या शतकातल्या धाटणीचा आणि एक स्वतःचा. दोन्हींवर माणसांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या रेषा काढल्या. जुन्या प्लॅनवर रेषांचा गुंता झाला, नव्यावर त्या आखूड आणि वेगळ्या राहिल्या. शंभर वर्षं होत आली, पण कागद, पेन्सिल आणि प्लॅनची एक झेरॉक्स यापेक्षा जास्त सामान अजून लागत नाही.

झेरॉक्सवर तुमचा एक दिवस काढा. सकाळी उठल्यापासूनचा, खराखुरा. बेडवरून बाथरूम, तिथून स्वयंपाकघर. बाजाराच्या पिशव्या गेटपासून ओट्यापर्यंत. मळके कपडे खोलीतून वॉशिंग मशीनकडे, ओले कपडे मशीनकडून वाळत घालायच्या दोरीकडे. पाहुणा हॉलमधून टॉयलेटकडे. रात्री शेवटचा दिवा मालवून परत बेडपर्यंत. प्रत्येकाला वेगळा रंग घ्या. जिथे तीन रंग एकमेकांना कापतात तिथे तुमच्या घराचा चौक आहे. क्लाइनच्या मते रेषा एकमेकींना छेदायलाच नकोत. मी इतका कडक नाही. आजोबा आणि नातू दिवसातून दहा वेळा आडवे गेले तर बिघडलं कुठे? ओल्या कपड्यांची बादली पाहुण्यांच्या पायांवरून जाऊ नये, एवढं मी बघतो.

स्वयंपाकघराबद्दल इतकं लिहिलं-बोललं गेलं आहे की मी दाराशी संबंध असलेलंच बोलतो. अमेरिकेत १९१२ च्या सुमारास घरकामावर लिहिणाऱ्या क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी कारखान्यात कामगारांच्या हालचाली मोजतात तशा स्वतःच्या स्वयंपाकघरात पावलं मोजली. पुढे १९२६ मध्ये वास्तुविशारद मार्गारेट शुटे-लिहोत्स्की यांनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. आगगाडीच्या डायनिंग कारमधलं चिमुकलं स्वयंपाकघर हा त्याचा एक नमुना होता. अशी सुमारे दहा हजार बसवली गेली. हात लांबवला की वस्तू मिळावी इतकं काटेकोर. तक्रारही झाली, की आत दुसरा माणूस उभा राहू शकत नाही. मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती म्हणजे राहत्या खोलीकडे उघडणारं सरकतं दार. ओट्याशी काम करताना खेळणाऱ्या मुलांवर लक्ष राहायचं आणि दार एक चौरस फूटही अडवायचं नाही.

सिंक, शेगडी आणि फ्रिज यांचा त्रिकोण तुम्ही ऐकला असेल. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९४०च्या दशकात तो मांडला गेला. प्रत्येक बाजू चार ते नऊ फूट, तिन्ही मिळून तेरा ते सव्वीस. आकडे सगळ्यांना पाठ असतात. त्याच नियमाचं शेपूट मात्र विसरतात: त्रिकोणातून दुसऱ्या कुणाची वाट जाता कामा नये. स्वयंपाकघराला समोरासमोर दोन दारं असली, एक हॉलकडे आणि एक मागे, की अख्खं घर त्या त्रिकोणातून अंगणात जातं. हातात उकळतं पातेलं आणि पाठीमागून सायकल! दोन दारं हवी असतील तर दोन्ही एकाच टोकाला घ्या, ओटा दुसऱ्या टोकाला राहू द्या.

दुमजली घरात जिना हेही दारच आहे, जमिनीत आडवं पाडलेलं. चढायला सोयीचा जिना कसा असतो ते १७व्या शतकात फ्रान्सच्या फ्रान्स्वा ब्लाँदेलने सूत्रात बसवलं: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पाऊल ठेवायची रुंदी मिळून माणसाचं एक पाऊल. आज आपण ते चोवीस-पंचवीस इंच धरतो. सात इंच उंची, दहा इंच रुंदी. दहा फूट चढायचं तर सतरा चढ लागतात, म्हणजे पाऊल ठेवायला सोळा पायऱ्या; सतरावं पाऊल वरच्या मजल्यावरच पडतं. सरळ जिना तेरा फूट चार इंच धावतो आणि वरच्या मजल्यावर तुम्हाला घराच्या एका कडेला नेऊन सोडतो. मग तिथून सगळ्या खोल्यांपर्यंत लांबलचक पॅसेज. मधे वळणारा जिना सात बाय दहा फुटांत मावतो आणि वरच्या मजल्याच्या मध्यात उतरवता येतो. वर चार दारं एका छोट्या चौकोनाभोवती येतात आणि पॅसेज उरतच नाही. जिन्याची जागा ठरवताना लोक खालचा मजला बघतात. माझं म्हणणं, तो वर कुठे पोचतो तिथून सुरुवात करा आणि मग खाली या.

घराच्या आकाराबद्दल थोडक्यात. हजार चौरस फुटांना २५ बाय ४० मध्ये १३० फूट बाहेरची भिंत लागते, २० बाय ५० मध्ये १४०. खाचा-खोबण्या काढल्या की भिंत, पाया, गिलावा, छपराचे सांधे सगळंच वाढतं. चौरसाकडे झुकणारं घर स्वस्त पडतं. पण फार जाड झालं की पोट अंधारं होतं. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दुपटी-अडीचपटीपर्यंतच उजेड कामाचा राहतो. सात फुटांवर कड असेल तर चौदा ते सतरा फूट. वारा खेळायचा तर खोलीला दोन वेगवेगळ्या भिंतींवर उघडणाऱ्या जागा हव्यात. दुसरी खिडकी नसेल तिथे दारच ते काम करतं, म्हणून दार खिडकीच्या समोर तिरकं आलं तर उत्तम. बाथरूम, स्वयंपाकघर आणि मशीनची जागा एकाच भिंतीच्या दोन अंगांना किंवा एकावर एक घ्या. गीझरपासून नळ साठ फूट लांब असेल तर आतून अर्धा इंची पाइपमध्ये सव्वादोन लिटरच्या आसपास पाणी थंड होऊन बसतं, आणि दर वेळी ते आधी सोडून द्यावं लागतं. याहून जास्त यात सांगण्यासारखं नाही. कुठलाही बरा प्लंबर सांगेल.

कागदावर सगळं पटलं तरी एक दिवस काढा आणि मोकळ्या मैदानात किंवा प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने खालचा मजला पूर्ण मापाचा आखा. दारांच्या जागा मोकळ्या सोडा. एका घरी आम्ही असं आखलं. त्या घरच्या बाईंनी खरोखरची कपड्यांची बादली आणली होती. बाथरूमपासून निघाल्या, बेडरूमला वळसा, हॉल पार, स्वयंपाकघर पार, मागच्या दाराने बाहेर. फक्कीच्या रेषा न तुडवता चालत होत्या, अगदी भिंत असल्यासारख्या. परत आल्यावर बादली खाली ठेवून म्हणाल्या, ‘बाथरूमलाच मागे एक दार द्या ना.’ आम्ही दोघं आर्किटेक्ट दोन महिने त्या प्लॅनवर बसलो होतो! दार दिलं. त्या घरात आजतागायत ओले कपडे हॉलमधून गेलेले नाहीत.

फक्कीवर चालतानाच खालच्या मजल्यावर एक खोली आणि पूर्ण बाथरूम आहे ना, तेही पाहून घ्या. व्हीलचेअरला वळायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं आणि दारातून जायला मोकळे किमान दोन फूट आठ इंच. तीन फुटी चौकटीतून चौकटीची जाडी आणि उघडलेलं दार वजा करा, म्हणजे अडीच फुटी चौकट नंतर का रडवते ते कळेल.

आणि चौकटी उभ्या करायच्या आदल्या दिवशी साइटवर जा, बरोबर इलेक्ट्रिशियनला न्या. प्रत्येक चौकटीवर खडूने बाण काढा: बिजागऱ्या कुठल्या बाजूला, दार कुठे उघडणार. बटनांचा बोर्ड कडीच्या बाजूला हवा. बिजागरीच्या बाजूला लागला तर दार उघडल्यावर तो दारामागे जातो, आणि मग अंधारात खोलीत शिरायचं, दार लावायचं आणि भिंत चाचपायची. माझ्या त्या पाच दारांच्या हॉलमध्ये असे दोन बोर्ड आहेत. एक मी हलवला. दुसरा अजून तिथेच आहे.